होकार ५२, हजर १९: गावाकडच्या भरतीत बोलणं नेमकं कुठं तुटतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीसाठी तुम्ही समुद्रपूर आणि राळेगाव तालुक्यांतल्या गावांतून डॉफर (भरलेल्या बॉबिन काढणारे), सायडर (तुटलेले धागे जोडणारे) आणि पॅकिंगची माणसं भरता. मुलाखतीतून ६० जण निवडले. फोनवर ५२ जणांनी 'येतो' म्हटलं. ५ ऑक्टोबरला १९ हजर झाले आणि महिनाभरात ११ उरले. मॅनेजर म्हणतात, तुमचं कम्युनिकेशन कच्चं आहे. म्हणून तुम्ही विचारताय की संभाषणकौशल्याचा कुठला कोर्स करावा.

कोर्सचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. बोलण्याची हातोटी नसती तर ५२ जण हो म्हणाले नसते. गळती होकारानंतर झाली आहे. तुम्ही जे सांगितलं आणि त्या माणसाच्या घरात जे पोचलं, त्यात अंतर पडलं. पगार किती, पाळी कोणती, जायचं-यायचं कसं आणि पहिला पैसा हातात कधी, या चार गोष्टी उमेदवाराला, त्याच्या घरच्यांना, तुमच्या खातेप्रमुखाला आणि गेटवरच्या वॉचमनला सारख्याच माहीत असल्या पाहिजेत. भरतीतला चांगला संवाद मी एवढ्यालाच म्हणतो. बोलणारा गोड आहे की तुसडा, याचा नंबर फार नंतर लागतो.

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. बोलण्यानं पगार वाढत नाही. गिरणीचा दर आजूबाजूच्या जिनिंगपेक्षा (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांपेक्षा) कमी असेल, किंवा गाव २५-३० किलोमीटरवर असून कंपनीची गाडी नसेल, तर उत्तम बोलणाऱ्याच्याही हाती फार लागत नाही. खाली लिहितो ते मधल्या परिस्थितीसाठी आहे: पगार बरा, अंतर झेपण्याजोगं, तरी माणसं येत नाहीत.

आता तुमची तारीख पाहा. ५ ऑक्टोबर म्हणजे ऐन सोयाबीनची सोंगणी. थ्रेशर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी घरातला प्रत्येक हात शेतात लागतो, आणि वर पावसाची धास्ती असते. त्याच्या मागोमाग कापसाची वेचणी सुरू होते, मध्ये दसरा-दिवाळी. या दिवसांत 'येतो' म्हणणारा खोटं बोलत नसतो. तो येणारच असतो, पण सोयाबीन घरी आल्यावर. तुम्ही तारीख सांगितली, त्याने हंगाम ऐकला. मुलाखतीतच विचारायला हवं होतं: घरी शेती किती, या वर्षी काय पेरलं, सोंगायचं राहिलंय का, तुम्ही नसलात तर कोण पाहील? उत्तर 'मीच पाहतो' आलं की त्याला २५ ऑक्टोबरची किंवा दिवाळीनंतरची तुकडी द्या. जूनची पेरणी, पोळा आणि पोळ्याची कर, ऑक्टोबरची सोंगणी, हे दिवस रुजू होण्यासाठी टाळलेलेच बरे. टाळता येत नसेल तर खातेप्रमुखाला आधीच सांगा की या तारखेला तिसरा हिस्सा धरा. सालदाराचं, म्हणजे वर्षभराच्या बोलीने शेतावर राबणाऱ्या गड्याचं, तर वेगळंच असतं. त्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं आणि त्याने बहुधा उचल घेतलेली असते. मध्येच सोडून ये म्हणणं त्यालाही अडचणीचं आणि तुम्हालाही.

होकाराबद्दल. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, त्यात तुम्ही सरपंचाला किंवा बचत गटाच्या ताईंना सोबत घेऊन गेला असाल तर नाही म्हणायची सोयच उरत नाही. 'पाहतो', 'येतो ना भाऊ', 'घरी विचारून सांगतो', 'काही अडचण नाही' ही चारही उत्तरं तुम्ही वहीत 'हो' म्हणून लिहिली असतील. मी ती 'अजून ठरलं नाही' अशी लिहितो. खरा होकार ओळखायचा तर समजलं का असं विचारू नका. त्याला कोणीही हो म्हणतं. उलट विचारा: "भाऊ, तुमच्या घरी काकाजींनी विचारलं की हातात किती पडतील, तर काय सांगाल?" "पहिल्या दिवशी कोणत्या गाडीने याल?" "पहिला पगार कोणत्या तारखेला?" तिन्हींची उत्तरं त्याच्या तोंडून बरोबर आली तर तो येण्याची शक्यता बरीच. एकाचंही उत्तर अडखळलं तर तेवढंच पुन्हा समजवा. माणशी चार-पाच मिनिटं जास्त जातात, पण नंतरचे दहा फोन वाचतात.

पगाराचं बोलणं सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. समजा तुम्ही 'पगार पंधरा हजार' म्हणालात. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० असेल, तर पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० गेले. ईएसआय (कामगार विमा) पूर्ण १५,००० वर ०.७५ टक्के, म्हणजे ११३. व्यवसाय कर २००. हातात आले १३,२४७. बाई असेल तर महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात १३,४४७. नवरा-बायको दोघं एकाच गिरणीत लागले तर हा दोनशेचा फरक घरी चर्चेला येतोच, तेव्हा तो आधीच सांगून टाका. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात. तेही सांगा, नाहीतर मार्चमध्ये 'शंभर रुपये खाल्ले' ही बातमी पानठेल्यावर तुमच्या आधी पोचते.

त्यामुळे आधी हातात पडणारा आकडा बोला, मग कापलेल्या पैशांचा हिशेब द्या. पीएफ त्याच्याच नावावर जमा होतो आणि कंपनीही आपला हिस्सा भरते. ईएसआयमुळे त्याला आणि घरच्यांना दवाखान्याची सोय होते. हे सांगितल्याशिवाय कपात म्हणजे ठेकेदाराचं कमिशन, असाच समज होतो, आणि तसा समज व्हायला इथे कारणंही आहेत. सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) हा शब्द तर गावात उच्चारूच नका. कंपनीचा पीएफ, बोनस आणि ग्रॅच्युइटी मिळवून फुगवलेला आकडा ऐकून आलेला मुलगा पहिल्या स्लिपनंतर परत दिसत नाही.

खाड्याचा हिशेबही याच वेळी सांगून टाका. महिना २६ दिवसांचा धरत असाल तर १५,००० च्या पगारात एका खाड्याचे ५७७ रुपये जातात. वर हजेरी भत्ता वेगळा असेल आणि एका खाड्यावर तो सगळाच जात असेल, तर नातेवाइकाच्या तेराव्याला गेलेला माणूस दीड-दोन हजारांनी कमी पगार पाहतो आणि भांडतो. भत्ता कशाने जातो, पगारी रजा केव्हापासून लागू होते आणि कोणाला विचारून घ्यायची, हे रुजू होण्याआधीच बोलायचं असतं.

तुमचे आठ जण महिनाभरात का गेले असतील, याचा माझा पहिला संशय चुकाऱ्यावर, म्हणजे मजुरीचे पैसे हातात कधी पडतात त्यावर, आहे. शेतमजुरीचा चुकारा आठवड्याला होतो, बाजाराच्या दिवशी. त्या पैशांतून तेल-मीठ-भाजी येते. तुमची गिरणी ऑक्टोबरचा पगार ७ नोव्हेंबरला देणार असेल, तर ५ ऑक्टोबरला आलेल्या माणसाला ३३ दिवस एक रुपया मिळत नाही. वर गाडीभाडं आणि बाहेरचा चहा-नाश्ता. किराणा दुकानदार एक आठवडा थांबतो, दुसरा थांबतो, तिसऱ्या आठवड्यात माणूस वेचणीला जातो. हजेरी एका महिन्याच्या २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत धरणारी कंपनी असेल तर आणखी घोळ: ५ तारखेला रुजू झालेल्याला पहिल्या पगारात १६ दिवसच दिसतात, आणि आपल्याला निम्माच पगार दिला असं त्याला वाटतं. यावर उपाय दोन. पहिला फुकटचा आहे: पहिल्या पगाराची तारीख आणि त्यात किती दिवस धरले जाणार, हे कागदावर लिहून द्या. दुसऱ्यासाठी मॅनेजरशी बोलावं लागेल: पहिल्या महिन्यात दर शनिवारी हजारभर रुपये उचल, पगारातून वळती करून. वारंवार नवी माणसं शोधण्याच्या आणि शिकवण्याच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, आणि हा हिशेब मॅनेजरांपुढे तुम्हीच मांडू शकता. वरच्यांना आकड्यांत पटवणं हाही तुमच्या संवादाचाच भाग आहे.

आता काम. 'मशीनवर काम आहे, सोपं आहे' असं सांगून माणूस आणला की तो तिसऱ्या दिवशी पळतो. रिंग फ्रेमच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या मशीनच्या, खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, कारण कोरड्या हवेत धागा जास्त तुटतो. म्हणजे बाराही महिने उकाडा. मशीनचा आवाज इतका की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. सायडर पाळीभर दोन मशीनच्या मधल्या गल्लीत चालत तुटलेले धागे जोडतो. डॉफर भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावतो, आणि तेही घाईने, कारण तेवढा वेळ मशीन थांबलेलं असतं. ब्लोरूम आणि कार्डिंगला, म्हणजे कापूस मोकळा करून पिंजण्याच्या खात्यांत, कापसाची धूळ सर्वात जास्त. दमा असलेल्याला तिथे पाठवू नका आणि मुलाखतीत त्याबद्दल सरळ विचारा. सगळ्यात चांगलं म्हणजे होकार घेण्याआधी आठ-दहा जणांना एकत्र गिरणीत आणून ज्या खात्यात काम करायचं त्याच खात्यात पंधरा मिनिटं उभं करा. दोघे-तिघे तिथूनच मागे फिरतील. फिरू द्या. ते नाहीतरी जाणारच होते, फक्त आठवडाभर शिकून. नेणं जमत नसेल तर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाज बंद न करता.

बायकांना एक गोष्ट न विसरता सांगा: साडीचा मोकळा पदर, ओढणी, बांगड्या मशीनजवळ चालत नाहीत, ॲप्रन आणि डोक्याला रुमाल बांधावा लागतो. हे पहिल्या दिवशी गेटवर कळलं तर अपमान वाटतो, आधी कळलं तर नियम.

पाळीचं बोलताना 'फर्स्ट, सेकंड, थर्ड' म्हणू नका. ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७ असे तास बोला, आणि पाळी दर आठवड्याला बदलते का तेही. मग प्रत्येक पाळीपुढे गाडी लिहा. गावात मुक्कामी एसटी असेल तर ती सकाळी किती वाजता निघते आणि जाम चौरस्त्यावर किंवा हिंगणघाटला किती वाजता पोचते, हे आगारात नाही तर गावातच विचारा; गाडी खरोखर किती वाजता हलते ते गावालाच माहीत असतं. सातच्या पाळीला सव्वासातला पोचवणारी गाडी असेल तर ती पाळी त्या गावासाठी नाहीच. रात्री अकराला सुटणाऱ्याला परतीची एसटी मिळत नाही, तिथे कंपनीची गाडी किंवा राहायची सोय सांगता आली पाहिजे. बायकांना संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षित ने-आण लागते. म्हणजे ३ ते ११ ची पाळीही त्यात आली. हे पुष्कळ भरतीवाले विसरतात आणि फक्त रात्रपाळीचं विचारतात. बसभाड्याचा हिशेब मांडताना बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हेही धरा.

इथवर जे लिहिलं ते सगळं एका पानावर मावतं: हातात पगार, खाड्याची कपात, पहिल्या पगाराची तारीख, कामाचं खातं, पाळीचे तास, गाडी, आणायचे कागद, भेटायच्या माणसाचं नाव. मराठीत, मोठ्या अक्षरात, झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या हातात. इंग्रजी पीडीएफ नियुक्तिपत्र कंपनी देईल ते देऊ दे, हे पान वेगळं. ते घरी भिंतीला अडकवलं जातं आणि तुम्ही नसताना तुमच्या वतीने बोलतं.

घरचं महत्त्व वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण फोनवर आपण फक्त उमेदवाराशी बोलून मोकळे होतो. पोट्ट्याचा निर्णय बाप घेतो, सुनेचा सासू. निवड झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी एक फोन करा, उमेदवाराला विचारून. "काकाजी, नमस्कार, मी अमुक गिरणीतून बोलतो, तुमच्या मुलाची निवड झाली आहे, तुम्हाला काही विचारायचं आहे का?" एवढंच. मग गप्प राहा. पहिला प्रश्न बहुतेक 'पैसे किती भरायचे' हाच येतो. नोकरीच्या नावाखाली नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, ओळखपत्राचे पैसे उकळणारे व्हॉट्सॲपवर इतके झालेत की खऱ्या भरतीकडेही लोक संशयाने पाहतात. म्हणून 'एक रुपयाही द्यायचा नाही, कोणी मागितला तर या नंबरवर मला सांगा' हे वाक्य त्या पानावर सर्वात वर हवं. आणि ते खरंही हवं. तुमचा ठेकेदार मागून पाचशे-हजार घेत असेल तर तुमचं सगळं बोलणं फुकट जातं. उमेदवारांना अधूनमधून थेट विचारत राहा.

फोनचे बारकावे. अर्जावरचा नंबर कधी भावाचा असतो, कधी शेजाऱ्याचा, कधी रिचार्ज संपून इनकमिंग बंद पडलेला. दोन नंबर घ्या आणि प्रत्येकापुढे कोणाचा ते लिहा. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, त्यामुळे मुलाखतीतच समोर बसवून तुमचा नंबर 'गिरणी भरती' नावाने सेव्ह करवून घ्या. दिवसा फोन करू नका. माणूस शेतात असतो आणि 'हो हो' करून ठेवतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेसातनंतर करा. लांबलचक लिहून पाठवण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुष्कळदा घरभर ऐकला जातो. आणि बोलताना 'तुम्ही', भाऊ, ताई. एम.बी.ए. झालेल्या पोराने चाळिशीतल्या माणसाला 'तू' म्हटलं की तो होकार तिथेच संपतो, तुम्हाला कळत मात्र नाही.

निवड आणि रुजू होणं यात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. तेवढ्यात तिसऱ्या दिवशी घरचा फोन, आदल्या संध्याकाळी आठवण, इतकं पुरतं. रोज फोन केलात तर 'यांनाच इतकी गरज का पडली' अशी शंका येते.

कागदपत्रांत आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतं का, हे मुलाखतीच्या दिवशीच पाहा. एकात वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यात नाही, बाईचं एकात माहेरचं आडनाव, असे प्रकार असतात आणि मग पीएफचं खातं अडतं. आधारला चालू मोबाइल जोडलेला असावा. पासबुक जुन्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं असेल, तर ती मे २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. शाखेतून सध्याचा आयएफएससी (शाखेचा कोड) लिहून आणायला सांगा. चाकण-रांजणगावला काम करून परतलेल्या मुलांकडे जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असतो. तो लपवला तर नवा निघताना घोळ होतो, म्हणून 'जुना नंबर सांगितल्याने नोकरी जात नाही, उलट जुने पैसे जोडले जातात' असं स्पष्ट सांगा.

आतली बाजूही तितकीच ढिली असते. खातेप्रमुख 'वीस पोरं पाठवा' म्हणतो आणि तुम्ही पाठवता. त्याला आधी विचारा: कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, सुट्टी कोणत्या वारी, आणि कशा प्रकारचा माणूस तुम्ही आठ दिवसांत परत पाठवाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कामाचं असतं. मग तुम्ही गावात जे सांगितलं ते त्याला वाचून दाखवा. तुम्ही जनरल (दिवसाची) पाळी कबूल केली आणि त्याने पहिल्याच दिवशी रात्रपाळीला टाकलं, तर खोटारडे तुम्ही ठरता. गेटवर नावांची यादी आदल्या दिवशी द्या. वॉचमनने 'कोण पाहिजे, इथं काही भरती नाही' म्हणून उन्हात तासभर उभं केलेला माणूस उलट्या गाडीने घरी जातो आणि तुमच्या वहीत 'गैरहजर' म्हणून लागतो.

ज्यांना घेतलं नाही त्यांनाही तीन दिवसांत कळवा. 'कळवतो' म्हणून सोडून दिलेला मुलगा दुसरं काम सोडून वाट पाहतो, आणि पुढच्या वेळी त्या गावात तुम्हाला पाच अर्जही मिळत नाहीत. कारण एका वाक्यात पुरे: वजन उचलायचं काम आहे आणि तुमच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, म्हणून यावेळी नाही.

आता तुमच्या हातात काय आहे? न आलेले ३३ आणि सोडून गेलेले ८ जण. त्या सगळ्यांना या आठवड्यात संध्याकाळी फोन लावा. सुरुवातच अशी करा: "रागावलो नाही, बोलवायलाही फोन केला नाही, फक्त चुकलं काय ते विचारायचं आहे." वहीत पाच रकाने पाडा: हंगाम, हातातला पगार, पाळी-गाडी, घरचा नकार, गेटवर किंवा खात्यात झालेली वागणूक. जे कारण सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि कारण एकच असेल असं धरू नका. पहिलं कारण सभ्यतेचं असतं, 'आणखी काही?' विचारल्यावर दुसरं येतं. हंगामाच्या रकान्यातली नावं दिवाळीनंतरच्या तुकडीत घ्या, त्यांना नव्याने शोधायची गरज नाही. गाडीचा रकाना भरला तर गावं बदला किंवा कंपनीच्या गाडीचा प्रस्ताव मांडा. पगाराचा रकाना सर्वात मोठा निघाला, तर वही घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये जा.